युरोपात कामाला जायचंय? आधी परमिट कुणाच्या नावाचं आहे ते बघा

'युरोपात नोकरी. शिक्षणाची अट नाही. महिना दीड लाख, राहणं-जेवण फ्री. तीन महिन्यांत व्हिसा.' असे मेसेज सध्या गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतायत. खाली एक मोबाईल नंबर असतो. कंपनीचं नाव नसतं, देशाचं नावही पुष्कळदा नसतं. फोन केला की आधी पासपोर्टचा फोटो मागतात, मग पन्नास हजार ॲडव्हान्स.

युरोपात माणसं कमी पडतायत हे खरं आहे. जर्मनीत नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर हवेत. इटलीत शेतमजूर हवेत. पोलंड, क्रोएशियात कारखाना, बांधकाम आणि हॉटेलात माणूस हवा. तिकडे कायदेशीर मार्गाने जाऊन नीट कमावणारे आपले लोकही आहेत. पण कायदेशीर मार्ग कोणता आणि फसवणुकीचा कोणता, हे निघण्याआधी कळलं पाहिजे. कारण त्यासाठी इकडे लोक जमीन गहाण टाकतात. म्हणून ही सगळी माहिती एका जागी देतोय. सेव्ह करून ठेवा, घरात कुणी जायचं म्हणत असेल तर त्याला वाचायला द्या.

आखात वेगळं, युरोप वेगळा

आपल्याकडच्या बऱ्याच लोकांना दुबई, सौदी, कतारची पद्धत माहीत आहे. दहावी पास नसलेल्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असं येतं. असा माणूस आखाती देशांत कामाला निघाला की आधी सरकारच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. त्या वेळी त्याचा करार, पगार, विमा सरकारी माणूस बघतो.

ही मंजुरी १८ देशांसाठी लागते. त्यात युरोपातला एकही देश नाही. म्हणजे युरोपला जाणाऱ्याचा कामाचा करार आपल्याकडे कुठलंही सरकारी कार्यालय तपासत नाही. एजंट याचाच फायदा घेतात. 'बघा, सरकारी मंजुरीची कटकटच नाही' असं सांगतात. कटकट नाही हे बरोबर, पण मग तपासणारंही कुणी नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं.

व्हिसा म्हणजे परमिट नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. तीन कागद वेगळे ओळखायला शिका.

पहिला, शेंगेन व्हिसा. युरोपातल्या २९ देशांनी मिळून केलेल्या व्यवस्थेला शेंगेन म्हणतात. या व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. तो फिरायला, नातेवाइकांना भेटायला, व्यवसायाच्या बैठकीसाठी असतो. व्हिसाच्या स्टिकरवर प्रकार म्हणून इंग्रजी 'सी' अक्षर असतं. नुसत्या या व्हिसावर पगारी नोकरी करता येत नाही.

दुसरा, राष्ट्रीय व्हिसा. त्यावर 'डी' अक्षर असतं. ९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं, कामाला किंवा शिकायला जायचं तर बहुतेक देशांत हा लागतो. तो ज्या देशाने दिला, काम त्याच देशात करायचं. पोलंडच्या 'डी' व्हिसावर जर्मनीत फिरून येता येतं, पण तिथे नोकरी धरता येत नाही.

तिसरा आणि मुख्य कागद म्हणजे वर्क परमिट. काही देशांत परमिट वेगळं असतं, काही देशांत राहण्याचा आणि कामाचा मिळून एकच परवाना असतो. त्यात बहुधा मालकाचं किंवा कंपनीचं नाव, काम कोणतं आणि मुदत किती हे लिहिलेलं असतं.

आता महत्त्वाची गोष्ट. साध्या कामगाराच्या बाबतीत परमिटचा अर्ज बहुतेक ठिकाणी तिकडचा मालक तिकडच्या सरकारकडे करतो. आधी परमिट निघतं, मग ते घेऊन आपण इकडे दूतावासाच्या व्हिसा केंद्रात अर्ज करतो. म्हणून 'आधी टुरिस्ट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर परमिट काढून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी पुढे बोलू नका.

परमिट मालकाच्या नावाशी बांधलेलं असतं याचा दुसरा अर्थही ध्यानात घ्या. पहिल्या काळात नोकरी सोडली किंवा मालकाने काढलं, तर परवानाच अडचणीत येतो. मालक बदलायचा तर त्या देशाच्या नियमाप्रमाणे कळवावं लागतं किंवा नवा अर्ज करावा लागतो. युरोपीय संघाने २०२४ मध्ये याबाबतचा नियम सुधारला. कामगाराला मालक बदलण्याची मोकळीक मिळावी असं त्यात आहे आणि देशांना आपापले कायदे त्याप्रमाणे करायला मे २०२६ ची मुदत दिलेली आहे. पण हा नियम युरोपातल्या सगळ्याच देशांना लागू नाही. ज्या देशात जाणार तिथे आज काय आहे ते विचारूनच पाऊल उचला.

कोणत्या देशात काय पद्धत

जर्मनी: इथे अंगमेहनतीच्या साध्या कामासाठी भारतातून जायला वाट फार अरुंद आहे. मुख्य वाट कुशल कामगारांची. नर्सिंग, दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड, डिप्लोमा असं शिक्षण असेल तर ते जर्मन शिक्षणाच्या बरोबरीचं आहे का, हे तिकडच्या संस्थेकडून तपासून घ्यावं लागतं. भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सुरू होतात. नर्सला साधारण बी-२ पर्यंत जर्मन यावी लागते. बारावी झालेल्या मुलामुलींसाठी 'आउसबिल्डुंग' नावाचा मार्ग आहे. यात साधारण तीन वर्षं काम करत शिकायचं, दर महिन्याला विद्यावेतन मिळतं. त्यासाठी बहुधा बी-१ जर्मन लागते. ही भाषा महिन्याभरात येत नाही, नेटाने अभ्यास केला तरी वर्षभर धरा.

जून २०२४ पासून 'चान्सेनकार्ट' म्हणजे संधी कार्ड सुरू झालं आहे. काही एजंट ते 'जर्मनीचं वर्क परमिट' म्हणून विकतात. ते नोकरी शोधण्यासाठीचं कार्ड आहे. नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं. त्यासाठी शिक्षण, भाषा बघतात आणि राहण्याखाण्याचे पैसे आधी बँकेत दाखवावे लागतात. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा ७५ युरोला मिळतो. 'व्हिसा फी तीन लाख' असं कुणी सांगितलं तर हा आकडा लक्षात ठेवा.

ट्रक ड्रायव्हर भावांसाठी एक सूचना. आपलं लायसन्स जर्मनीत पहिले सहा महिनेच चालतं. ट्रक किंवा बस चालवायची तर तिकडचं लायसन्स आणि व्यावसायिक ड्रायव्हरची वेगळी परीक्षा लागते. 'इकडचं हेवी लायसन्स आहे, लगेच स्टिअरिंगवर बसा' असं होत नाही.

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजारांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. या सरकारी योजनेचं नाव सांगून कुणी खाजगीत पैसे मागत असेल तर देऊ नका. आधी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे डाएटमध्ये, जाऊन योजना कुठवर आली ते विचारा.

इटली: इथे सरकार दर वर्षी किती परदेशी कामगार घ्यायचे याचा कोटा जाहीर करतं. शेतीतल्या हंगामी कामाला जास्तीत जास्त नऊ महिन्यांची परवानगी मिळते. मालकाने ठरलेल्या दिवशी ऑनलाइन अर्ज करायचा असतो, त्या दिवसाला तिकडे 'क्लिक डे' म्हणतात. मंजुरीच्या कागदाला 'नुल्ला ओस्ता' म्हणतात. तो आला की इकडे व्हिसा मिळतो. तिकडे उतरल्यावर ठरलेल्या थोड्या दिवसांत मालकासोबत करारावर सही करून राहण्याच्या परवान्यासाठी अर्ज करायचा असतो. खरी मेख इथे आहे. कागद खरा, व्हिसा खरा, पण उतरल्यावर तो मालक सापडतच नाही, अशी प्रकरणं इटलीत बरीच झाली आहेत. करार झाला नाही की परवाना मिळत नाही आणि माणूस बेकायदेशीर ठरतो. म्हणून निघण्याआधी मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. शेत किंवा कारखाना कुठे आहे ते मॅपवर बघा.

पोलंड: मालक तिथल्या प्रांताच्या कार्यालयात परमिटचा अर्ज करतो. जून २०२५ पासून नवा कायदा आला आणि अर्ज ऑनलाइन झाले. परमिट जास्तीत जास्त तीन वर्षांचं मिळतं. करार लेखी हवा आणि कामगाराला समजेल अशा भाषेत हवा, असं कायद्यात आहे. तिथे कराराचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'उमोवा ओ प्रात्से' म्हणजे पक्क्या नोकरीचा करार. त्यात पगारी रजा, नोटीस सगळं मिळतं. 'उमोवा झ्लेत्सेन्या' म्हणजे काम सोपवल्याचा करार. त्यात तासाची किमान मजुरी मिळते, पण कायद्याने पगारी रजा नाही. एजंटला विचारा, करार कोणता आहे? त्याला सांगता आलं नाही तर समजून घ्या.

पोर्तुगाल: पूर्वी कुठल्याही व्हिसावर पोचून, काम धरून, मग कागद करून घ्यायची सोय तिथे होती. त्यामुळे भारतातून पुष्कळ लोक गेले. ती सोय जून २०२४ मध्ये बंद झाली. आता नोकरीचा व्हिसा इकडूनच घेऊन जावं लागतं. तरी काही एजंट जुनीच गोष्ट सांगून माणसं पाठवतायत. गोव्यातले काही लोक पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात जातात ते वेगळं. १९ डिसेंबर १९६१ आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांचे वारस यांच्यासाठीची ती नागरिकत्वाची वाट आहे. आपल्याला ती लागू नाही.

क्रोएशिया: बांधकाम, हॉटेल, डिलिव्हरी अशा कामांना परदेशी माणसं घेतात. मालक पोलिसांकडे राहण्याच्या आणि कामाच्या एकत्र परवान्याचा अर्ज करतो. २०२५ च्या बदलानंतर हा परवाना तीन वर्षांपर्यंतचा मिळू शकतो.

पगार किती, तास किती

२०२६ सालचे कायदेशीर किमान पगार असे आहेत. जर्मनीत तासाला १३.९० युरो. पोलंडमध्ये महिन्याला ४,८०६ झ्लॉटी, तासाच्या करारावर ३१.४० झ्लॉटी. पोर्तुगालमध्ये महिन्याला ९२० युरो, वर्षाला १४ पगार. क्रोएशियात महिन्याला १,०५० युरो. इटलीत संपूर्ण देशासाठी कायद्याने एकच किमान पगार नाही. तिथे संघटना आणि मालकांच्या करारातून प्रत्येक क्षेत्राचा दर ठरतो.

हे सगळे आकडे कपातीआधीचे आहेत. कर, आरोग्य विमा, पेन्शन यांचे पैसे आधीच कापले जातात. जर्मनीत आठवड्याला ४० तास किमान दराने भरले तर महिन्याला साधारण २,४०० युरो होतात. एकट्या माणसाच्या हातात सतराशेच्या आसपास येतात. त्यातून भाडं, जेवण, प्रवास. एजंट नेहमी वरचा आकडा सांगतो आणि त्याला शंभरने गुणून दाखवतो.

युरोपीय संघाच्या देशांत कामाच्या वेळेचे काही नियम सगळीकडे सारखे आहेत. आठवड्याला ओव्हरटाइम धरून सरासरी ४८ तासांपेक्षा जास्त काम नाही. २४ तासांत सलग ११ तास विश्रांती. सहा तासांपेक्षा जास्त काम असेल तर मधे सुट्टी. आठवड्यात एक दिवस मोकळा. पक्क्या नोकरीत वर्षाला किमान चार आठवडे पगारी रजा. कामाची मुख्य माहिती, म्हणजे पगार, तास, जागा, ही कामावर लागल्यापासून सात दिवसांत लेखी द्यावी लागते. हंगामी कामगाराला मालकाने खोली दिली तर भाडं अवाजवी नको आणि ते पगारातून आपोआप कापता येत नाही.

म्हणून 'रोज बारा तास, सातही दिवस, पण पगार मोठा' असा करार कुणी दाखवला, तर तो करारच कायद्यात बसत नाही.

कागद नसले की काय होतं

जून २०२४ मध्ये रोमच्या खाली, लातिना भागात, एका भारतीय शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याच्याकडे ना करार होता ना परवाना. त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी घराच्या दारात टाकून दिलं, तुटलेला हात फळांच्या क्रेटमध्ये ठेवला. दोन दिवसांनी रुग्णालयात त्याचा जीव गेला. वय ३१. इटलीभर यावर निदर्शनं झाली.

पुढच्याच महिन्यात उत्तर इटलीत व्हेरोनाजवळ पोलिसांनी ३३ भारतीय मजुरांना सोडवलं. पोलिसांनी सांगितल्याप्रमाणे हंगामी परवान्याच्या नावाखाली प्रत्येकाकडून १७ हजार युरो ठरवले होते. काहींनी त्यासाठी इकडची मालमत्ता गहाण टाकली होती. तिथे त्यांच्याकडून आठवड्याचे सातही दिवस, दहा ते बारा तास काम करून घेतलं जायचं. तासाला चार युरो, तेही कर्जात वळते. पासपोर्ट काढून घेतलेले. त्यांना तिकडे नेणारे मुकादमही भारतीयच होते, हे विसरू नका. 'आपलाच माणूस आहे' एवढ्यावर विश्वास टाकू नये तो यासाठीच.

रशियाचं तर आणखी वाईट. 'हेल्पर'ची नोकरी सांगून नेलेल्या काही तरुणांना थेट लष्करात घातलं. रशियन सैन्यात काम करणाऱ्या १२ भारतीयांचा मृत्यू झाल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं.

मुदत संपल्यावर लपून राहणं हाही मार्ग नाही. पकडलं तर परत पाठवतात आणि साधारण पाच वर्षांपर्यंत प्रवेशबंदी घालू शकतात. ही नोंद शेंगेनच्या सगळ्या देशांना दिसते.

एजंट खरा की खोटा

परदेशात नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते. युरोपला पाठवत असला तरी लागते. सरकारच्या 'ईमायग्रेट' पोर्टलवर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी आहे. बिगरनोंदणी एजंटांचीही राज्यवार यादी आहे. मोबाईलवर पाच मिनिटांत बघता येतं. नाव, पत्ता आणि नोंदणी चालू आहे की संपली, हे तिन्ही जुळवा. दुसऱ्याचा नोंदणी क्रमांक छापणारेही आहेत, म्हणून यादीत दिलेल्या फोनवर आपण स्वतः फोन करून विचारा, 'हा माणूस तुमचा आहे का?'

नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेता येतो. म्हणजे ३५,४०० रुपये. त्याची पावती द्यावी लागते. विमान तिकीट, व्हिसा फी, मेडिकल हे वेगळं, पण त्याच्याही पावत्या मिळतात. गावात फिरणाऱ्या सबएजंटला कायद्यात जागा नाही. आठ लाख, दहा लाख, बारा लाख हे आकडे कुठल्याही नियमात बसत नाहीत.

व्हिसा केंद्र फक्त अर्ज घेतं. ते नोकरी देत नाही. 'व्हिसा केंद्रात माझी सेटिंग आहे' ही थाप आहे.

कर्ज काढण्याआधी हा हिशेब करा

पोलंडचं उदाहरण घेऊ. किमान पगार ४,८०६ झ्लॉटी. कपात जाऊन हातात सुमारे ३,६०० येतात. राहणं, जेवण, बस, फोन याला १,८०० धरू. उरले १,८००. झ्लॉटीला २४ रुपये धरले तर महिन्याला साधारण ४३ हजार शिल्लक.

समजा एजंटला आठ लाख दिले आणि ते शेकडा तीनने काढले. पहिल्या महिन्याचं व्याजच २४ हजार. शिल्लक सगळी कर्जातच घातली, घरी एक रुपया पाठवला नाही, तरी फिटायला २८ महिने लागतात. घरी महिन्याला फक्त दहा हजार पाठवले तर ४४ महिने. परमिट जास्तीत जास्त ३६ महिन्यांचं. म्हणजे परमिट संपेल आणि कर्ज बाकीच राहील. यात आजारपण नाही, काम बंद पडलेलं नाही, असं धरलं आहे.

आता कायदेशीर शुल्क, तिकीट, व्हिसा, कागदपत्रं मिळून दीड लाख धरा. तेही शेकडा तीननेच काढले आणि घरी दहा हजार पाठवत राहिलात, तरी पाच महिन्यांत फिटतात. पगार तोच, काम तेच. फरक फक्त एजंटला किती दिले याचा आहे. कर्जात बुडालेला माणूस वाईट मालक सोडू शकत नाही, हे व्हेरोनाच्या प्रकरणात दिसलंच.

पैसे देण्याआधी हे तपासा

१. देश कोणता, गाव कोणतं, कंपनी कोणती? तिन्ही लेखी घ्या.

२. परमिटची प्रत मागा. त्यावर तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, मालकाचं नाव, काम आणि मुदत बघा. मोबाईलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करणारं ॲप फुकट मिळतं, त्यातून प्रत्येक ओळ वाचा.

३. कंपनी खरी आहे का? युरोपीय संघातल्या कंपनीचा व्हॅट क्रमांक मागा. युरोपीय आयोगाच्या 'व्हीआयईएस' या वेबसाइटवर तो फुकट तपासता येतो. कंपनीचा फोन एजंटकडून न घेता कंपनीच्या वेबसाइटवरून घ्या.

४. करारातला पगार त्या देशाच्या किमान पगारापेक्षा कमी नाही ना? कपातीआधीचा की नंतरचा? ओव्हरटाइमचा दर? खोलीचं भाडं किती?

५. परमिटवर एक काम आणि एजंट सांगतो दुसरं, असं असेल तर थांबा. परमिट एका देशाचं आणि 'काम दुसऱ्या देशात' असं असेल तरी थांबा.

६. रोख पैसे नको. बँकेतून द्या, पावती घ्या. कोरा चेक, कोरा स्टॅम्प पेपर, जमिनीचे कागद, मूळ मार्कशीट कुणाच्याही हातात देऊ नका.

७. व्हिसा मिळाल्यावर स्टिकरवर 'सी' आहे की 'डी' ते बघा. कामाला म्हणून पैसे घेतले आणि 'सी' निघाला, तर विमानात बसू नका.

८. पासपोर्ट, व्हिसा, परमिट, करार, पावत्या यांचे फोटो घरच्यांच्या मोबाईलमध्ये ठेवा.

तिकडे अडचण आली तर

पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. मालकाला तो ठेवून घेण्याचा अधिकार नाही. मागूनही दिला नाही तर पोलिसात आणि भारतीय दूतावासात कळवा.

कामाचे तास रोज वहीत लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, सोबत कोण होतं. मालकाचे मेसेज पुसू नका. पगार बुडाला तर हाच पुरावा. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे परवाना नसलेल्या कामगाराचाही केलेल्या कामाचा पगार मालकाने द्यावा लागतो. 'तू बेकायदेशीर आहेस, तक्रार कुठे करणार' ही धमकी ऐकून गप्प बसू नका.

अपघात किंवा जिवाला धोका असेल तर संघातल्या सगळ्या देशांत ११२ हा नंबर चालतो, फोन फुकट लागतो. इटलीत माणसांच्या तस्करीविरोधी मदतीसाठी ८०० २९० २९० हा मोफत नंबर आहे. तिथे पिळवणूक झालेल्या कामगाराने पुढे येऊन तक्रार केली तर त्याला वेगळा परवाना मिळण्याची तरतूद २०२४ पासून आहे. जर्मनीत 'फेअर इंटिग्रेशन' ही सल्ला केंद्रं कामगारांना फुकट सल्ला देतात. पोलंडमध्ये 'पीआयपी' हे कामगार निरीक्षण खातं आहे.

आपल्या बाजूने 'मदद' पोर्टलवर तक्रार टाकता येते. घरचे लोक गावातूनही टाकू शकतात. प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा टोल फ्री नंबर १८०० ११ ३०९०. निघण्याआधी एजंटबद्दल शंका असली तरी इथे विचारता येतं. संकटात सापडलेल्या गरजू भारतीयासाठी, आणि कुणी दगावलं तर मृतदेह आणण्यासाठी, दूतावासांकडे कल्याण निधी असतो. त्यासाठी दूतावासाशी संपर्क करावा लागतो. तिकडे पोचल्याबरोबर दूतावासाचा नंबर मोबाईलमध्ये घाला.

इकडे एजंटने फसवलं असेल तर लाजून गप्प राहू नका. पोलीस ठाण्यात तक्रार द्या, तिची पोच घ्या आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयालाही लेखी कळवा. एकाने तक्रार केली तर त्याच एजंटकडे पैसे भरायला निघालेले बाकीचे वाचतात.

जाऊ नका असं कुणालाही सांगायचं नाही. आयटीआय झालेला, नर्सिंग झालेली, भाषा शिकायची तयारी असलेली आपली मुलं जरूर जावीत. फक्त आपण बी-बियाणं घेताना पिशवीवरचं लेबल, लॉट नंबर आणि बिल बघतोच ना, तेवढी चौकशी इथेही करा. परमिट कुणाच्या नावाचं, व्हिसा कोणता, एजंटची नोंदणी आहे का आणि पावती मिळते का. या चारपैकी एकाचं जरी उत्तर मिळालं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या.